आयएसओ ९००१ घेण्याआधी भंगाराची वही उघडा: खान्देशातल्या लहान कारखानदारांसाठी

जळगावच्या एमआयडीसीत आमचा पीव्हीसी पाइपचा कारखाना आहे. नानांनी उभा केला, गेली अकरा वर्षं मी सांभाळते. आयएसओ ९००१ आम्ही दोनदा घेतलं. पहिल्यांदा एका सल्लागाराने तीन जाडजूड फायली तयार करून दिल्या, प्रमाणपत्र आलं, ऑफिसात फ्रेम लागली. वर्षअखेरीला सीएंनी ताळेबंद समोर ठेवला तेव्हा प्रमाणपत्राची फी खर्चात दिसत होती, जमेच्या बाजूला त्याची कुठलीच खूण नव्हती. मुदत संपली, आम्ही ते सोडून दिलं. चार वर्षांनी पुण्याच्या एका मोठ्या खरेदीदाराने मागितलं म्हणून पुन्हा घेतलं, पण या वेळी सुरुवात फायलींपासून न करता नुकसानीपासून केली. फरक पहिल्याच वर्षी नफ्यात दिसला.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे बरेच ओळखीचे लोक विचारतात, हे प्रमाणपत्र घ्यावं का आणि कसं घ्यावं. कोणाची डाळ मिल आहे, कोणाचा चटईचा कारखाना, कोणाचं मिरची पावडरचं युनिट. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच क्रमाने लिहिते. उदाहरणं पाइपची आहेत, तुम्ही आपापल्या मालाची घाला.

१. हे प्रमाणपत्र कशाचं आहे ते आधी समजून घ्या

आयएसओ ९००१ मालाला मिळत नाही, काम करण्याच्या पद्धतीला मिळतं. तुमचा पाइप चांगला आहे असं ते म्हणत नाही. ठरलेल्या दर्जाचा माल दरवेळी निघावा यासाठी तुमच्याकडे रीत आहे आणि ती पाळली जाते, एवढंच ते सांगतं. मालाच्या दर्जाचं चिन्ह म्हणजे आयएसआय, ते भारतीय मानक ब्युरो देतं. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपला आयएस ४९८५, ठिबकच्या लॅटरलला आयएस १२७८६. खाद्यपदार्थवाल्यांना एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना किंवा नोंदणी कायद्याने लागतेच, आणि त्यांच्यासाठी आयएसओ २२००० हे अन्नसुरक्षेचं वेगळं मानक आहे. डाळ मिलवाल्यांनी ९००१ च्या मागे लागण्याआधी आपला खरेदीदार यातलं नक्की काय मागतो ते विचारून घ्यावं.

१९८७ मध्ये हे मानक पहिल्यांदा आलं, नंतर १९९४, २०००, २००८ आणि २०१५ मध्ये सुधारलं. अर्ज करताना कोणती आवृत्ती लागू आहे हे प्रमाणन संस्थेकडून लेखी घ्या.

यातला सापळा: प्रमाणपत्र आल्याबरोबर पाइपवर किंवा गोणीवर ‘आयएसओ प्रमाणित’ छापायची घाई होते. मालाला प्रमाणपत्र आहे असा अर्थ निघेल असं काहीही मालावर छापता येत नाही. लेटरहेडवर चालतं, तेही संस्थेने दिलेल्या नियमाप्रमाणे. आमच्या ओळखीच्या एकाला छापलेल्या गोण्यांचा अख्खा लॉट बाजूला ठेवावा लागला होता.

२. नफा वाढतो का? या प्रश्नाचं खरं उत्तर

सल्लागार सांगतात, वाढतो. शेजारी सांगतात, नुसता खर्च आहे. अभ्यास करणाऱ्यांनी दोन्ही तपासून पाहिलंय आणि ते वाचल्यावर मला माझे दोन्ही अनुभव समजले.

अमेरिकेत शेअर बाजारात नोंद असलेल्या कारखान्यांचा एक मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाणपत्र घेतलेल्या कंपन्या आणि त्यांच्यासारख्याच पण न घेतलेल्या कंपन्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर तीन वर्षांनंतर घेतलेल्यांची आर्थिक स्थिती स्पष्टपणे बरी होती. कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांवर २०१० मध्ये आलेल्या अभ्यासातही प्रमाणपत्र घेतलेल्यांची विक्री आणि रोजगार जास्त वेगाने वाढलेला दिसला, आणि त्या टिकल्याही जास्त. पण स्पेनच्या बास्क भागातल्या कंपन्यांवरचा २००२ चा अभ्यास वेगळं सांगतो. तिथे प्रमाणपत्रवाल्या कंपन्या जास्त नफ्यात होत्या हे खरं, पण त्या प्रमाणपत्र घेण्याआधीपासूनच नफ्यात होत्या. ज्यांचं बरं चाललेलं असतं तेच प्रमाणपत्र घ्यायला जातात.

आपल्यासाठी सगळ्यात कामाचा निष्कर्ष २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात आहे: खरेदीदाराला पुरवठादाराची पारख करणं जिथे अवघड असतं, तिथे प्रमाणपत्राचा फायदा जास्त होतो. चोपड्याचा, रावेरचा डीलर आपल्याला पंधरा वर्षं ओळखतो. त्याला फ्रेम दाखवून एक पाइप जास्त विकला जात नाही. पुण्याच्या, सुरतच्या, इंदूरच्या खरेदी अधिकाऱ्याने आपला कारखाना पाहिलेला नसतो. त्याच्या यादीत नाव चढायला हा कागद लागतो.

म्हणून अर्ज करण्याआधी एका कागदावर लिहा: गेल्या दोन वर्षांत प्रमाणपत्र नाही म्हणून कोणती ऑर्डर किंवा कोणतं टेंडर हातचं गेलं? नाव आणि रक्कम. एकही ओळ लिहिता आली नाही, तर प्रमाणपत्राची फी आत्ता भरू नका. पुढची तिसरी पायरी मात्र तरीही करा, तिला फी लागत नाही.

३. नुकसानीची वही, तीन महिने

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दर्जावरचा खर्च चार ठिकाणी होतो: माल बिघडू नये म्हणून केलेला, तपासणीवर केलेला, कारखान्यातच बिघडलेल्या मालाचा, आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन बिघडलेल्या मालाचा. पहिले दोन खर्च हिशेबाच्या वहीत सापडतात, कारण त्यांची बिलं असतात. शेवटचे दोन कुठेच सापडत नाहीत. ते कच्च्या मालात, वीजबिलात आणि बँकेच्या व्याजात मिसळून जातात. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यांचं खातं नसतं.

एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि रोज, प्रत्येक पाळीला, चार गोष्टी लिहा.

पहिली, भंगार किलोत. ‘कटिंग परत दळून वापरतो, त्यात कसलं नुकसान’ असं नानाही म्हणायचे. पण तोच माल दुसऱ्यांदा मशीनमधून जाताना वीज पुन्हा लागते, माणूस पुन्हा लागतो, पल्व्हरायझर (दळायचं यंत्र) चालवावा लागतो, आणि तेवढा वेळ मशीन नवा माल काढत नाही. महिन्याचं वीजबिल आणि मजुरी एकूण उत्पादनाच्या किलोने भागा. जो आकडा येईल तो भंगाराच्या प्रत्येक किलोमागे वाया गेला असं धरा.

दुसरी, जास्तीचं वजन. पाइप मीटरवर विकला जातो, कच्चा माल किलोवर विकत घेतला जातो. जाडी हवी त्यापेक्षा थोडी जास्त गेली तर गिऱ्हाईक तक्रार करत नाही, त्यामुळे हे नुकसान कोणाच्या डोळ्यात येत नाही. समजा महिन्याला ४० टन माल निघतो आणि सरासरी २ टक्के वजन जास्त जातंय. म्हणजे ८०० किलो. मिश्रणाचा भाव किलोला ८० रुपये धरला तर महिन्याला ६४,००० आणि वर्षाला ७ लाख ६८ हजार रुपये आपण फुकट वाटतो. डाळ मिलमध्ये हेच चुरीत जातं, मिरचीत हेच ५०० ग्रॅमच्या पाकिटात भरलेल्या ५१० ग्रॅममध्ये जातं. पाळीत पाच नग उचला, वजन करा, लिहा.

तिसरी, परत आलेला माल आणि त्याच्यामुळे अडकलेलं बिल. ४०० पाइपांत ६ तडकलेले निघाले तर डीलर सहा पाइपांचे पैसे थांबवत नाही, अख्खं बिल थांबवतो. ते दोन महिने थांबलं तर कॅश क्रेडिटवरचं तेवढं व्याज लिहा, ट्रकचं जाण्या-येण्याचं भाडं लिहा.

चौथी, मशीन बंद पडल्याचे तास आणि कारण. कारण एका वाक्यात, ऑपरेटरच्याच शब्दांत.

तीन महिन्यांनी बेरीज करून ती विक्रीने भागा. आमची टक्केवारी आमच्या निव्वळ नफ्याच्या टक्केवारीपेक्षा मोठी निघाली होती. त्या रात्री नाना आणि मी जेवण झाल्यावरही बराच वेळ ती वही घेऊन बसलो होतो.

सापळा: वही लिहायला सुरुवात केली की पहिल्या आठवड्यात भंगार अचानक कमी दिसतं, कारण ऑपरेटरला वाटतं पगारातून कापतील. पहिल्याच दिवशी सगळ्यांना समोर बसवून सांगा की या आकड्यावरून कोणाचा एक रुपया कापला जाणार नाही. आणि तो शब्द पाळा, नाहीतर पुढची सगळी मेहनत खोट्या आकड्यांवर उभी राहते.

४. प्रमाणन संस्था निवडणं

आयएसओ ही जिनिव्हाची संस्था मानक लिहिते, प्रमाणपत्र कोणालाच देत नाही. प्रमाणपत्र देतात प्रमाणन संस्था. आणि त्या संस्थांना मान्यता देणारी आपल्याकडची यंत्रणा म्हणजे भारतीय गुणवत्ता परिषदेखालचं एनएबीसीबी. त्यांच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे. ज्याच्याशी बोलताय ती संस्था त्यात आहे का आणि तुमच्या उद्योगाच्या प्रकारासाठी तिला मान्यता आहे का, दोन्ही पाहा.

‘दोन दिवसांत प्रमाणपत्र, ऑडिट लागत नाही’ असे मेसेज रोज येतात. त्यांना उत्तर देऊ नका. किती दिवस ऑडिट व्हायला हवं याचा आंतरराष्ट्रीय तक्ता आहे: ६ ते १० माणसांच्या कारखान्याला सुरुवातीच्या ऑडिटला साधारण २ दिवस, १६ ते २५ माणसांना ३, २६ ते ४५ माणसांना ४. कामाच्या स्वरूपाप्रमाणे थोडं कमी-जास्त होतं. तीस माणसांच्या कारखान्याला कोणी अर्ध्या दिवसात प्रमाणपत्र देत असेल, तर तो कागद खरेदीदाराच्या पहिल्याच चौकशीत बाद होईल.

तीन संस्थांकडून दर मागवा आणि तिन्ही वर्षांचा एकत्रित आकडा घ्या: पहिलं ऑडिट, नंतरची देखरेख ऑडिटं, ऑडिटरचा प्रवास आणि मुक्काम, जीएसटी. पहिल्या वर्षी स्वस्त दाखवून पुढे वसूल करणारे असतात. ऑडिटर मुंबईहून येणार की नाशिकहून, हेही विचारा. त्या प्रवासाचा खर्च तुमच्याच बिलात येतो.

सल्ला देणारा आणि प्रमाणपत्र देणारा एकच असून चालत नाही. सल्लागार घेणं सक्तीचं नाही. घेतलात तर त्याला एकच अट घाला: तो जे लिहील ते तुमच्या मशीनपाशी उभं राहून लिहील. आमच्या पहिल्या फायलींमध्ये एका ठिकाणी ‘वेल्डिंग विभाग’ राहून गेला होता. आमच्याकडे वेल्डिंग विभाग कधीच नव्हता.

५. कागदपत्रं आणि साधनं

अर्जाला लागतात: उद्यम नोंदणी, जीएसटी नोंदणी, एमआयडीसीच्या प्लॉटचा करार किंवा भाडेकरार, कारखाना परवाना लागू असेल तर तो, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, कामगारांची संख्या पाळीनुसार (कंत्राटी धरून), आणि कच्च्या मालापासून गाडी भरेपर्यंतच्या कामाचा आराखडा. आयएसआय किंवा एफएसएसएआय परवाना असेल तर त्याची प्रत.

ऑडिटला लागतात: कामाची व्याप्ती, गुणवत्ता धोरण, मोजता येतील अशी उद्दिष्टं, मापनसाधनांची कॅलिब्रेशन (अचूकता तपासल्याची) प्रमाणपत्रं, कोणाला काय काम येतं याची नोंद, ऑर्डर तपासल्याची नोंद, पुरवठादारांचं मूल्यमापन, बिघडलेल्या मालाचं काय केलं त्याची नोंद, अंतर्गत ऑडिट, व्यवस्थापनाची आढावा बैठक, सुधारणांची नोंद. २०१५ च्या आवृत्तीत ‘क्वालिटी मॅन्युअल’ नावाचा ग्रंथ सक्तीचा नाही. दोनशे पानांचं मॅन्युअल विकणाऱ्याला ते स्पष्ट सांगा.

एक चूक आपल्या भागात फार होते. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, तोच कॅलिब्रेशन म्हणून दाखवला जातो. तो कायद्याने लागतो, पण काटा किती अचूक आहे याचा तपशील त्यात नसतो. व्हर्निअर, मायक्रोमीटर, काटा आणि तापमापक यांचं एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेशन करून घ्या आणि प्रमाणपत्र वाचा. त्यात लिहिलेली चूक तुमच्या मालाच्या मर्यादेत बसते का ते तुम्हालाच ठरवायचं असतं.

६. रीत मशीनपर्यंत नेणं

वहीत तीन महिन्यांचंच सत्य होतं, पण एक गोष्ट ठळक होती: एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते पाच या वेळेत जास्तीचं वजन वाढायचं. फायलीत याचं उत्तर नव्हतं. मी एका दुपारी लाइनपाशी जाऊन उभी राहिले. बाहेर पारा ४५ च्या वर. आमचे ऑपरेटर अमळनेरकडचे, तीस वर्षांचा अनुभव. त्यांनी पाइप थंड करायच्या टाकीत बोट बुडवलं आणि म्हणाले, “ताई, पानी तपी गयं.” व्हॅक्यूम टाकीतलं पाणी गरम झालं की पाइप लवकर बसत नाही, लंबगोल होतो. लंबगोल पाइप परत येऊ नये म्हणून ते हॉल-ऑफची (पाइप पुढे ओढणाऱ्या यंत्राची) गती थोडी कमी करायचे. गती कमी झाली की पाइप जाड. माल परत यायचा नाही, पण कच्चा माल मात्र जायचा. त्यांनी त्यांच्या परीने कारखान्याचं भलंच केलं होतं. ते वीस वर्षं असंच करत होते आणि आम्ही कोणी विचारलं नव्हतं.

आम्ही तीन गोष्टी केल्या. चिलरची (पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) साचलेली लाइन साफ केली, टाकीत तापमापक लावला, आणि दुपारच्या पाळीसाठी स्क्रू (कच्चा माल पुढे ढकलणारा) आणि हॉल-ऑफ दोन्हींची गती एकत्र कमी करायचा तक्ता मशीनवर चिकटवला. तक्ता त्यांनीच सांगितला, मी फक्त लिहिला. दर दोन तासांनी तापमान आणि जाडी. खर्च एका कॅलिब्रेशनच्या बिलाएवढाही नव्हता.

दुसरी गोष्ट बॅच क्रमांकाची. पूर्वी रावेरकडून एक तक्रार आली तेव्हा पाइपवरचा क्रमांक पुसट होता. कोणत्या दिवशीचा माल ते कळेना, म्हणून आम्हाला अख्खी गाडी परत घ्यावी लागली. आता तारीख, पाळी आणि लाइन छापतो, आणि छपाई वाचता येते का हे तपासणं हेही एक नोंदीचं काम आहे. पुढच्या तक्रारीला फक्त एका पाळीचा माल परत आला.

तुमच्याही वहीत असं एखादं कारण असेल. प्रत्येक लिखित रीत त्या वहीतल्या एखाद्या मोठ्या आकड्याला धरूनच लिहा. ज्या रीतीमागे आकडा नाही आणि मानकातही ती मागितलेली नाही, ती लिहू नका. लिहिली की पाळावी लागते, आणि पाळली नाही की ऑडिटमध्ये तीच त्रुटी निघते.

७. अंतर्गत ऑडिट आणि आढावा बैठक

स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही, एवढा नियम पुरे. स्टोअरवाल्याने उत्पादन तपासावं, उत्पादनवाल्याने स्टोअर. आढावा बैठकीला सीएंना बोलवा. आमच्याकडे ते आले आणि त्यांनी भंगार, जास्तीचं वजन, परत माल यांची टॅलीत तीन वेगळी खाती उघडून दिली. तेव्हापासून दर महिन्याला ते आकडे नफ्या-तोट्याच्या पत्रकाशेजारी येतात. वेळ वाचवण्यासाठी या पायरीचे कागद ऑडिटच्या आदल्या रात्री एकगठ्ठा लिहिले जातात. एकाच शाईतल्या बारा महिन्यांच्या सह्या ऑडिटर लगेच ओळखतो.

८. ऑडिटचे दिवस

दोन टप्पे असतात. पहिल्यात तयारी पाहतात, दुसऱ्यात काम. दुसऱ्याच्या वेळी मशीन चालू हवं. ऑडिटर तुमच्याशी कमी, ऑपरेटरशी जास्त बोलतो. ऑपरेटरला उत्तरं पाठ करायला लावू नका. ‘तुम्ही रोज करता तेच सांगा, अहिराणीत सांगा, मी समजावून देईन,’ असं मी सांगितलं होतं.

मोठी त्रुटी निघाली तर ती दुरुस्त केल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. छोटीला दुरुस्तीचा आराखडा द्यावा लागतो. त्रुटी निघाली म्हणून वाद घालू नका, आणि ‘मानवी चूक’ असं कारणही लिहू नका. माणसाने ती चूक का केली, ते लिहा.

९. पैसे, अनुदान आणि पुढची तीन वर्षं

केंद्राची एमएसएमई झेड (‘झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट’) योजना २०२२ मध्ये नव्या रूपात आली. ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे तीन स्तर, तेव्हा ठरलेली फी अनुक्रमे १०,०००, ४०,००० आणि ९०,००० रुपये, आणि तीवर सूक्ष्म उद्योगांना ८०, लघु उद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान. हे आयएसओपेक्षा वेगळं प्रमाणपत्र आहे, पण भंगार आणि दर्जाची तीच वही दोन्हीकडे चालते. उद्यम नोंदणी लागते. अर्जाच्या दिवशी पोर्टलवरचा तपशील पाहा, आणि राज्याच्या योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारा. मध्यस्थाला टक्केवारी देऊ नका. प्रमाणन फीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट घ्यायला विसरू नका.

बँकेच्या बाबतीत अपेक्षा मोजून ठेवा. प्रमाणपत्र तारण होत नाही. पण कर्जमर्यादा वाढवायला गेले तेव्हा मी परत मालाचा बारा महिन्यांचा उतरता तक्ता नेला होता, आणि अधिकाऱ्याने त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले.

प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं, पहिलं देखरेख ऑडिट बारा महिन्यांच्या आत व्हावं लागतं. तारीख चुकली तर ते निलंबित होऊ शकतं. पुनर्प्रमाणनाची तयारी मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधी सुरू करा. पाइपवाल्यांनी फेब्रुवारी ते जून टाळावा, हंगामात कोणाला फुरसत नसते. ऐन पावसात मशीनच बंद असतात, तेव्हा ऑडिटरला दाखवायला काम नसतं. आम्ही पोळा झाल्यावरचा आठवडा ठरवला आहे. गावाला गेलेले कामगार परत आलेले असतात, दोन लाइन चालू असतात, आणि मेच्या दुपारच्या नोंदी वहीत भरलेल्या असतात.